दसरूच्या पाकिटाचा फाटका कोपरा

मौजे तुमडीपल्ली, तालुका सिरोंचा, जिल्हा चांदा
पौष शुद्ध अष्टमी, शके १८७२

राजमान्य राजश्री गुणवंतराव साडभाऊ, मुक्काम चिमूर, यांसी बापूजी शास्त्र्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा दमा, आमच्या मेहुणीबाई कमळाबाईंचे गुडघे आणि तुम्हा उभयतांमधला तह ही तिन्ही बरी असावीत. इकडे रुखमाबाई आणि मी खुशाल आहोत, म्हणजे हे लिहीपर्यंत दोघेही आपल्याच घरात आहोत. धान मळून झाले. माझे पित्त उतरले. वैद्य म्हणतात काढ्याने, पण मला वाटते भीतीपुढे त्याचाही निभाव लागला नसावा. हे पत्र टपालाने येत नाही, कोणी भरवशाचे मिळाले की त्याच्या हाती येईल, म्हणून त्यात चार खऱ्या गोष्टी लिहायचे धाडस करतो. टपालानेही एक पत्र टाकले आहे. त्यात हवापाणी, हरभरा आणि सरकारची स्तुती आहे. ते आधी पोचले असल्यास त्यातला फक्त हरभरा खरा मानावा. आणि हे वाचून झाले की चुलीत घालावे व जळेपर्यंत तिथेच बसावे. (कोऱ्या राहिलेल्या पाठीवर वाणसामानाची यादी करण्याची तुमची काटकसर मला ठाऊक आहे. या कागदापुरती ती आवरा.)

तुम्ही जाणताच, नदीपलीकडे तेलंगणात काही वर्षे धुमसते आहे. तिकडची ठिणगी इकडे पडू नये म्हणून सरकारने आमच्या गावी चौकी बसवली आणि सागरकडचे एक फौजदार आणून ठेवले. माणूस वाईट नाही. (हरभऱ्याखेरीज दोन्ही पत्रांत खरे असलेले हे एकच वाक्य.) त्यांनी आल्याबरोबर दोन हुकूम काढले. टपालवाल्या रामाजीची थैली आधी चौकीत उघडायची, मग गावात. आणि लाकडाच्या डेपोत जो एकुलता एक टेलिफोन आहे त्याच्याशेजारी शिपाई बसवायचा. या दुसऱ्या हुकमाचे गावाला नवल वाटले. त्या टेलिफोनवर इतके ओरडावे लागते की बोललेले सिरोंच्याला ऐकू जावो न जावो, तुमडीपल्लीला जातेच. पण शिपाई बसल्यापासून लोक त्यात कुजबुजायला लागले आहेत, त्यामुळे आता सिरोंच्यालाही ऐकू येत नाही आणि शिपायालाही नाही. पूर्वी इंग्रज तुमची पत्रे फोडीत तेव्हा तुम्ही भर चौकात त्याविरुद्ध भाषणे केलीत, आणि ती आम्हाला पटली. आता घरचेच सरकार आहे. परक्याने दाराला कान लावला तर त्याला चोर म्हणता येते. घरच्याने लावला तर काय म्हणावे, याला आमच्या पाठशाळेत शब्द शिकवला नव्हता.

आता माझे स्वतःचे ऐका. दसऱ्याच्या सुमारास हवालदार लटारू दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, सायबानं बलावलं जी. काई नाई, एक चिठी वाचाची हाय." काही नाही असे पोलीस म्हणाला, म्हणून मी घरच्या किल्ल्या रुखमाबाईच्या हाती देऊन निघालो. चौकीत गेलो तर टेबलावर एक पत्र उघडे पडलेले. फौजदारांना बाळबोध येते, पण मोडी म्हणजे त्यांना मुंग्यांची वारुळे. ते म्हणाले, "शास्त्रीजी, यह कोई गुप्त लिपि है. पूरे इलाक़े में सिर्फ़ आप पढ़ सकते हैं, ऐसा सुना." मी वाकून पाहिले. ते माझेच पत्र होते, तुम्हाला लिहिलेले. दोन पानांत एकही राजद्रोह नव्हता, फक्त तुमची थट्टा होती. पण थट्टा समजावून सांगणे हे एरवीही कष्टाचे काम, आणि कोठडीचा गज दिसत असताना तर विचारू नका. मी तुम्हाला 'कीर्तनात घोरणाऱ्यांचे सेनापती' म्हटले होते. 'सेनापती'पाशी साहेबांची पेन्सिल थांबली.

"कौन सी सेना?"

मी म्हटले, कीर्तनात झोपणाऱ्यांची.

"कितने आदमी हैं?"

गुणवंतराव, मी उभ्या जन्मात इतका घाम गाळला नाही. तुमच्या सेनेत तुम्ही एकटेच आहात हे पटवून देता देता मध्यान्ह झाली. शेवटी खालची सही वाचून दाखवणे भाग होते. वाचली. फौजदारांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मग त्यांना जे सुचले ते कारभारी माणसालाच सुचावे. ज्याच्या पत्रांवर पाळत ठेवायची तोच जर चौकीत बसून सगळ्यांची पत्रे वाचू लागला, तर त्याच्यावर पाळत ठेवायला वेगळा माणूस नको. दुसऱ्या दिवसापासून मी सरकारचा वाचक झालो. नाही म्हणता आले असते काय, असे तुम्ही विचाराल. आले असते, पण त्या वेळी माझ्या तोंडाला कोरड पडली होती, आणि 'नाही' म्हणायला थोडी तरी थुंकी लागते.

या कामाची रीत अशी. लटारू किटलीच्या वाफेवर पाकिटे अलगद उघडतो (त्या कामात त्याचा हात फुलासारखा हलका आहे), मी वाचतो, संशयास्पद असेल ते साहेबांना सांगतो, आणि मग पाकीट खळीने पुन्हा चिकटवून रामाजीच्या हाती द्यायचे, म्हणजे कोणाला कळू नये. आता, या गावात आलेली बहुतेक पत्रे वाचून दाखवायला लोक कोणाकडे येतात? माझ्याकडेच. म्हणजे तेच पत्र मी सकाळी सरकारसाठी वाचायचे आणि संध्याकाळी मालकासाठी. कोणाच्या लेकीला मुलगा झाल्याचे सकाळी कळलेले असे, आणि संध्याकाळी ओसरीवर त्याच बातमीने मला नव्याने हरखावे लागे. पहिल्या आठवड्यात मी हे बरे केले. मग एकदा पाकीट फोडायच्या आधीच 'अभिनंदन' म्हणून गेलो. तेव्हापासून गावाने ओळखले. विहिरीवर मी दिसलो की बायका गप्प होतात. माणसे रामराम जरा जास्तच वाकून घालतात. भीती ही आजवर मी बाळगायची वस्तू होती; ती कोणी माझीही बाळगील, हे पाहून मला रात्री झोप येईना. आणि आली की मी झोपेत बोलतो, असे रुखमाबाई म्हणते. "काई बोलले अन् कोनी आयकलं तं?" असे म्हणून ती माझ्या तोंडावर पदर टाकून निजते.

आता दसरूचे सांगतो, कारण खरे पत्र इथून सुरू होते. दसरू हा नदीकाठच्या गोंडांच्या वस्तीतला, टोल्यावरचा डोंगेवाला. आमचा सगळा काठ त्याच्या डोंग्यातून पलीकडे जातो. पावसाळा सरता सरता त्याने पहाटे काही अनोळखी माणसे नदीपार नेली. ती कोण होती हे त्याला ठाऊक नाही; डोंग्यात बसणाऱ्याचे गोत्र विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पण पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते बंडखोर होते. चौकशीला शेजारच्या घाटावरचे दोन डोंगेवाले आधी नेले. ते चांद्याला गेले असे म्हणतात. ते परत आलेले नाहीत, आणि ते कुठे आहेत असे विचारायला जो जाईल तोही जाईल, या समजुतीने कोणी विचारायला गेलेले नाही. दसरूने हे पाहिले आणि तो निघून गेला. टोल्यावर त्याची बायको सोमारी तेवढी राहिली. फौजदारांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते: त्या बाईला पत्र येईल तेव्हा सगळ्यात आधी ते मला हवे.

मार्गशीर्षात ते आले. त्या दिवशी लटारू बाजारच्या बंदोबस्ताला गेलेला, म्हणून पाकीट मलाच उघडावे लागले. किटलीची वाफ बोटांवर घेतली, पाकिटावर नाही. घाईने ओढले, आणि वरचा कोपरा टरकन फाटून माझ्या चिमटीत आला. आत खाणीवरच्या कोण्या मुनिमाकडून लिहवलेली मोडी होती. दसरू माजरीला कोळशाच्या खाणीवर होता. सुखरूप होता. पौषात घरी येतो, डोंगा उन्हात ठेवू नको, फळ्या तडकतील, एवढाच मजकूर. गुणवंतराव, तो एक कागद वाचून दाखवला की एक माणूस चांद्याच्या वाटेला लागणार होता. साहेबांनी आतून विचारले, "क्या लिखा है?" मी म्हटले, अक्षर फार वाईट आहे, उद्या सांगतो. एवढीच माझी मर्दुमकी. उद्या काय सांगायचे हे मला ठाऊक नव्हते. पाकीट खळीने चिकटवले, पण कोपरा गेलेला तो गेलेलाच. साहेबांनी मागायच्या आत ते रामाजीच्या थैलीत टाकले आणि घरी जाऊन अंथरुणावर पडलो.

पुढे जे झाले ते तुमच्या ध्यानात आले असेल. माझ्या आले नव्हते. आयुष्यभर लोकांना शास्त्र सांगणाऱ्या माझ्या डोक्यात एवढेही आले नाही की आपल्या मुलखात कोपरा फाडलेले पत्र कशाचे असते. रामाजीच्या मात्र तत्काळ आले. त्याने टोल्यावर जाऊन सोमारीला हाक मारली नाही. वाटेवर थांबला, वहाणा काढल्या, पाकीट अंगणाच्या कडेला ठेवले आणि पाठ फिरवून उभा राहिला. तिने पाकीट पाहिले, कोपरा पाहिला, रामाजीची पाठ पाहिली. तिचा टाहो आमच्या ओसरीवर ऐकू आला. घटकेत सगळा टोला तिच्या अंगणात जमला, आणि त्या रडण्याच्या आवाजावर फौजदार आणि बाजारातून परतलेला लटारू तिथे पोचले. मला अंथरुणावरून उठवून नेले.

मी गेलो तेव्हा लटारूने पागोटे काढून हातात घेतलेले होते. तो साहेबांना सांगत होता, "साब, कोना फटेला है. इसका मतलब, आदमी गया." साहेब माझ्याकडे वळले. "शास्त्रीजी, सुबह यही नहीं पढ़ा जा रहा था आपसे?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोलिसाचा हात खांद्यावर पडला की आपल्याला धरलेच असे मला वाटले, आणि मी रडू लागलो. भीतीने रडलो, देव साक्षी आहे, फक्त भीतीने. पण ते पाहून साहेबांनीही टोपी काढली. "आप बहुत नरम दिल के आदमी हैं," असे म्हणाले. दसरूच्या कागदावर 'मृत' असा शेरा पडला आणि कागद चांद्याला रवाना झाला. मी एक शब्द खोटा बोललो नाही, कारण मी एक शब्दच बोललो नाही. इतके निर्मळ सत्य फक्त भेकडालाच साधते.

मात्र सोमारीचे काय? दोन दिवस ती अन्नाला शिवली नव्हती. रुखमाबाईने तिला धान पाखडायच्या निमित्ताने घरात घेतले, दार लोटले आणि मला पुढे केले. मी सांगितले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग रुखमाबाईकडे.

"जिता हाय?"

"जिता हाय व बाई," रुखमाबाई म्हणाली. "पौषात येतो म्हंते."

"मंग गुरुजी, आता मी रडू का नोको रडू?"

रड, मी म्हणालो. फौजदारांची बदली होईपर्यंत रड.

"आता कशी रडू जी? आता तं हासू येऊन राह्यलं!" आणि तिने पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलू लागले. बाहेर बसलेल्या बायकांनी ते दाराच्या फटीतून पाहिले आणि नव्याने गळा काढला. मग तिला कोपऱ्याची आठवण झाली, आणि ती मला जे बोलली ते गोंडीत बोलली. रुखमाबाईला गोंडी येते. तिने भाषांतर करायचे नाकारले.

टोल्याने रीतीप्रमाणे नदीच्या काठावर दसरूच्या नावाचा दगड उभा केला आणि जेवण घातले. साहेब आले, मांडी घालून पानावर बसले आणि दसरू चांगला नावाडी होता असे ऐकल्यावर हळहळलेही. मी बाजूला गूळ-पोह्यांचा द्रोण घेऊन बसलो होतो. लटारू माझ्याशेजारी टेकला. पान लावता लावता म्हणाला, "गुरुजी, आता इतकी पाकिटं फोडली, एकाचाबी कोपरा गेला नाई. याचाच काऊन गेला जी?"

हात थरथरला, मी म्हणालो.

"थरथरते, थरथरते," तो म्हणाला. "थंडीचे दिस हायेत." आणि बोटावरचा चुना चाटला. चाटताना तो हसला, की चुना तोंडाला लागल्याने त्याचे तोंड तसे झाले, यावर रुखमाबाईचे आणि माझे अजून एकमत नाही. ती म्हणते हसला. मी म्हणतो, पोलीस हसला तर ते जास्त भयंकर. त्या दिवसापासून रस्त्यावर बूट वाजला की मी आधी दाराकडे आणि मग पंचांगाकडे पाहतो, कारण पौष लागला आहे आणि मेलेला माणूस वचनाला पक्का आहे. त्याला येऊ नको म्हणून कळवावे तर कसे? मेलेल्याच्या नावे पत्र टाकले, तर ते चौकीत मलाच फोडावे लागेल आणि मलाच साहेबांना वाचून दाखवावे लागेल.

असो. कमळाबाईंना आमचे दोघांचे नमस्कार. लोभ आहेच, तो मागत नाही. तुमच्याकडे धैर्य शिलकीत असल्यास थोडे पाठवावे.

आपला,
बापूजी

ता. क. वरचे लिहून झाल्यावर दोन दिवस हे पत्र गादीखाली ठेवले होते, आणि मी त्यावर बसून होतो. काल दिवेलागणीला दसरू आला. नदीकाठाने आला तो थेट आपल्या दगडापाशीच निघाला. दगडापुढे तांदूळ आणि मोहाच्या दारूचा तुंबा ठेवलेला. सोमारी तिथेच होती. "हा कोनाचा व?" त्याने विचारले. "तुहाच हाय," ती म्हणाली. "अन् हे दारू?" "तेबी तुहीच." हे ऐकून त्याने ती पिऊन टाकली, मग खाली बसून सगळे ऐकून घेतले. आता तो आमच्या धान साठवायच्या ढोल्यात लपला आहे. मी ढोल्याला पाठ लावून लिहितो आहे, आणि माझे दात वाजत आहेत की त्याचे, ते कळत नाही.

दुसरी ता. क. तेव्हा खरे काम असे. हे पत्र ज्याने तुमच्या हाती दिले तोच दसरू, आणि त्याच्यामागे डोक्यावर गाठोडे घेऊन उभी आहे ती त्याची विधवा. दोघांना बसवा, पाणी द्या, खायला घाला. तुमच्या तळ्यावर मासळीला आणि शिंगाड्याला माणूस लागतो. याच्याइतका पाण्याचा जाणता तुम्हाला मिळायचा नाही. सोमारीचा नवरा सरकारी कागदावर मेला आहे, म्हणून गावात कोणी विचारण्याआधी दोघांचा पाट लावून टाका. विधवेला दुसरा नवरा करायला आडकाठी नाही, आणि हा नवरा तिला पसंत आहे असे ती म्हणते. (तो म्हणतो, मला कोणी विचारले नाही.) वाटेत नाक्यावर लटारूचा पहारा आहे. दुसरी वाट नाही. हे पत्र तुम्ही वाचत असाल तर लटारूने त्यांना जाऊ दिले, आणि चुन्याच्या बाबतीत रुखमाबाईचे म्हणणे खरे ठरले. टपालाने फक्त 'हरभरा पोचला' एवढे कळवा, म्हणजे मी तिच्यापुढे हार मानीन आणि कदाचित एक रात्र झोपेन. आठ-पंधरा दिवसांत तसे उत्तर आले नाही, तर हे पत्र फौजदारांनी वाचले असे समजून आम्ही दोघे आवरून बसू.

तिसरी ता. क. त्याला नवे नाव हवे होते. मी देवादिकांची चांगली चांगली नावे सुचवली, एकही त्याला मानवले नाही. शेवटी त्याने ढोल्यातूनच विचारले, "गुरुजी, ह्या ढोल्यात याआंधी कोनी लपलं होतं का जी?" मी म्हटले, बेचाळीस साली आमचे साडभाऊ गुणवंतराव होते, पोलीस दोनदा घरात येऊन गेले, पण सापडले नाहीत. "मंग तेच नाव ठेवा," तो म्हणाला. मी होकार देऊन बसलो आहे. रागावू नये. कमळाबाई तुमचे नाव कधी घेत नाहीत, तेव्हा घरात घोटाळा होण्याचे कारण नाही. फक्त त्यांना आता त्यालाही हाक मारता येणार नाही. तळ्यावरून जेवायला बोलवायचे असले की तुम्ही स्वतः काठावर जाऊन, भर गावात, स्वतःच्याच नावाने ओरडायचे. चौकशीला कोणी आले तर सांगा, दमेकऱ्याला वैद्याने हा उपाय दिला आहे.